फळ्यांखालची पोकळी

सुताराची मुलगी जन्मापासून बहिरी. चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली. त्याच वर्षी सुताराने चर्चची लाकडी जमीन नव्याने घातली. वेदीसमोरच्या फळ्यांखाली वीतभर पोकळी ठेवली, खालून वारा खेळावा म्हणून. ऑर्गन वाजला की त्या फळ्या थरथरायच्या. एका रविवारी भिंगरी तिथे अनवाणी गेली आणि जागच्या जागी थबकली. मग तिचे पाय आपोआप उचलले गेले. तेव्हापासून गीत सुरू झालं की चपला काढून ती तिथे नाचायची. देव म्हणायचं असलं की तळहात जमिनीवर टेकवायची. ही खूण तिची तिनेच काढलेली.

पोर लहान होती तोवर कौतुक झालं. एकोणिसावं लागलं आणि लोक नाकं मुरडायला लागले.

एके दिवशी पाळकसाहेब आणि सुताराची थोरली बहीण त्याच्या कामाच्या जागी आले. बहीण चर्चच्या कमिटीत होती.

"भिंगरीला आवर बाबा," ती म्हणाली. "लोक डोळे मिटायचे सोडून तिच्या पायांकडे बघतात."

"मग त्यांना मिटायला सांग की, ताई. तिला गाता येत नाही. तिची प्रार्थना तेवढीच आहे."

"प्रार्थना म्हणे! मग मीही नाचते. आधी गुडघे तेवढे बदलून आणते."

सुताराने पाळकांकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही सांगा. बायबलमधला राजा देवापुढे नाचलाच होता ना? हे पाप आहे का?"

पाळक रंधा मारलेल्या फळीवरून बोट फिरवत राहिले. "पाप आहे असं मी म्हणणार नाही. पाप नाही असं म्हणालो, तर निम्मे लोक उठून जातील. तुम्ही पुढे बाकांच्या दोन रांगा पक्क्या बसवा. जागाच उरली नाही की कोणी कोणाला काही बोलायला नको. तिलासुद्धा."

तो शेवटचा शब्द सुताराच्या मनात बसला. कोणीतरी तिला हात धरून बाहेर काढेल, ही भीती त्याला वर्षभर खात होती. आणि खरं सांगायचं तर, हल्ली ती नाचायची तेव्हा तोही मान खाली घालून बसायचा.

शनिवारी दुपारी भिंगरी त्याच्याबरोबर चर्चमध्ये गेली. आपली जागा अडतेय हे पाहून तिने खुणेने विचारलं, मी कुठे? त्याने पुढच्या बाकावर थाप मारली. ती बसली, पायांचे तळवे फळ्यांना लावले आणि मान हलवली. चालेल. मग ओंजळीत स्क्रू घेऊन एकेक त्याला देत राहिली.

पण नुसत्या फळ्यांत स्क्रू पकड घेईनात. बाक डुगडुगायचे. कच्चं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने फळ्या उचकटल्या, खालच्या पोकळीत ठोकळे ठासून भरले आणि त्यांत स्क्रू पिळले. चार माणसं लटकली तरी बाक हलणार नाहीत, असे बसले.

रविवारी ऑर्गन सुरू झाला. सगळे उठून गाऊ लागले. भिंगरी तळवे टेकवून बसली होती. तिने पाय थोडे सरकवले. वाजवणाऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटं तर चालत होती. मग ती वाकली आणि तळहात फळीवर ठेवला, बराच वेळ.

शेजारी उभ्या सुताराने चपलेतून पाय काढून फळीला लावला; ती थरथरत नव्हती. लाकूड कुठे बोलतं हे गावात एकट्या त्याला कळायचं, आणि त्यानेच लाकडाच्या तोंडात बोळा कोंबला होता.

"बघा, किती शांत बसली होती," बाहेर आल्यावर पाळक म्हणाले.

"साहेब, मी ते ठोकळे काढतो."

"आता नको हो. बाक हलून कोणी पडलं म्हणजे? सगळे खूश आहेत, राहू द्या."

घरी आल्यावर भिंगरीने तळहात जमिनीवर टेकवला, उचलला आणि रिकामा उलगडून दाखवला. भुवया उंचावल्या. कुठे गेला?

सुताराने पेटीतून स्क्रू पिळायचा पेचकस काढला, तिच्या हातात दिला आणि स्वतःच्या छातीवर मूठ आपटली. मी. मी केलं. पुन्हा आपटली.

तिने पेचकस निरखला. टोकाला भुसा चिकटला होता. रोज काम संपल्यावर पुसायची तसा तिने तो फडक्याने पुसला, पेटीत जागेवर ठेवला आणि झाकण लावलं.

पुढच्या रविवारी तिने चर्चमध्ये चपला काढल्या नाहीत.