झाकणाखालचं फडकं

तुम्ही आमचे ओव्हन बंद केलेत. बेचाळीस खोल्यांतले बेचाळीस ओव्हन, प्रत्येकाच्या दाराला दोन-दोन स्क्रू पिळून. आग लागली होती तळघरात, कपडे सुकवायच्या यंत्रात. ती का लागली तेही इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या यंत्राच्या नळीत साचलेला धाग्यांचा गाळ तुमच्या माणसांनी चार वर्षं काढला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! यंत्र नवं आलं आणि शिक्षा आम्हाला झाली. 'ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी, तात्पुरते' असं त्या कागदावर छापलं होतं. त्या तात्पुरत्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या दारावरसुद्धा ते नाही, नुसतं 'व्यवस्थापन' आहे. दार बहुतेक वेळा बंदच असतं.

मी नॅडीन प्रोकॉप, तुमच्या या वृद्धाश्रमातली खोली दोनशे सात. ओहायोतल्या याच गावात जन्मले, याच गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांसाठी रांधलं. मला मोठमोठे शब्द येत नाहीत. पण ताजं काय आणि नासलेलं काय, हे माझं नाक लांबून सांगतं. म्हणून हे लिहितेय.

माझ्या शेजारच्या खोलीत वर्ना हॉस्टेटलर राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिचा नवरा मर्ल तळमजल्यावर, तुमच्या शुश्रूषा विभागात आहे. मर्ल सगळं विसरलाय. मुलीचं नाव विसरला, बर्फात गाडी कशी चालवतात ते विसरला, वर्नाला तो कधी 'बाई' म्हणतो तर कधी 'आई'. आणि गेल्या शरद ऋतूपासून तो तोंड उघडायचं विसरला. चमचा ओठाशी आला की दात आवळतो.

का आवळणार नाही? मी ते खाल्लंय. एकदा दुपारी वर्नासोबत खाली गेले आणि त्याच्या ताटलीतलं चमचाभर तोंडात घातलं. गाजर शिजवायचं, दळायचं, त्यात घट्ट करायची पावडर घालायची आणि साच्यात ओतून परत गाजर बनवायचं. कोंबडीचंही तसंच. कोंबडीच्या तंगडीच्या आकाराचा राखाडी गोळा, वर भाजल्याच्या खुणा दिसाव्यात म्हणून तपकिरी रेघा ओढलेल्या. जिभेवर ठेवला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला, आणि गिळल्यावर टाळ्याला साबणाचा थर बसला. मी रुमालात थुंकले. मर्ल माझ्याकडे बघत होता. शप्पथ सांगते, तेवढ्यापुरतं त्याला सगळं समजत होतं.

त्याला गिळायचा काही त्रास नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, मऊ पाव चालेल म्हणून. पण पाव चावायला माणसाला अर्धा तास लागतो आणि लगदा सात मिनिटांत संपतो. तुमच्या तक्त्यात एका तोंडाला सात मिनिटं आहेत.

आता वजनाचं. दर मंगळवारी सकाळी मर्लला काट्याच्या खुर्चीवर बसवतात. वजन एकशे दहा पौंडांखाली गेलं की तो 'आमच्या क्षमतेबाहेरचा' ठरतो. मग त्याला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात हलवायचं. ते गाव अडीच तास लांब, तिथे बस जात नाही, आणि वर्नाने तर स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. म्हणजे चोपन्न वर्षांचा संसार एका काट्यावर. डिसेंबरात काटा एकशे तेरावर होता.

वर्ना तेव्हा माझ्या दारात येऊन म्हणाली, "नॅडीन, तो माझे शेपूचे पाव खाईल."

"ओव्हन कुठाय, बाई?"

"तेच विचारायला आलेय. तू शाळेत काय काय जुगाड केलेस, तुलाच सुचेल."

वर्नाचे पाव म्हणजे छोटे, मुठीएवढे. बटाटे उकडलेलं पाणी, दूध, लोणी, यीस्ट आणि पिठात भरपूर शेपू, थोडी रोझमेरी, ठेचलेला लसूण. घरी त्यांच्याकडे रविवारच्या जेवणाला हेच असायचे. चर्चच्या ओव्हनमध्ये तिने एकदा भाजून आणले होते. पण ते इथे येईस्तोवर गार झाले, आणि गार पावाकडे मर्लने बघितलंही नाही. त्याला वास लागतो. गरम लसणाचा आणि शेपूचा वास आला की तो मान वळवतो.

माझ्याकडे स्लो कुकर होता. अंड्याच्या आकाराचं चिनी मातीचं भांडं, काचेचं झाकण, तासन्‌तास मंद आचेवर शिजवत बसणारं. तो वापरायला तुमची परवानगी आहे, नियम अकरा. वाचलाय मी.

पहिल्या खेपेला मीच माती खाल्ली. भांड्यात कागद घातला, बारा गोळे मांडले, ते फुगले, झाकण लावलं, दोन तास आच. झाकण काढलं तर काय! काचेला धरलेली सगळी वाफ पाणी होऊन पावांवर टपकलेली. वरून पांढरे, बुळबुळीत, बेडकाच्या पोटासारखे. बोट लावलं तर बोटाला चिकटून वर आलं.

वर्ना वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "एकतीस वर्षं पोरांना हेच घातलंस होय गं? तरीच या गावात कुणी शिकलं नाही."

"गप गं. तुझा मर्ल निदान दात तरी आवळेल. पोरं भिंतीवर मारायची."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली असेल.

मग मला माझी आई आठवली. आमच्या स्लोव्हाक घरात आई पातेल्यावर फडकं ताणून वाफेवर गोड उंडे शिजवायची. फडकं वाफ पिऊन घेतं. दुसऱ्या दिवशी आम्ही झाकणाखाली पिठाच्या पोत्याचं धुतलेलं जुनं फडकं घातलं आणि चारी कोपरे वर घेऊन झाकणाच्या मुठीवर गाठ मारली, म्हणजे एकही टोक गरम बाजूला लोंबायला नको. आणि झाकण दोन तास उघडायचं नाही. उघडलं की ऊब जाते, फुगलेलं बसतं, बसलेलं पुन्हा उठत नाही. दोन तासांनी फडकं पिळलं तर वाटीभर पाणी निघालं. पाव कोरडे, खालून सोनेरी, वरून फिकट पण मऊ. विजेच्या छोट्या तव्यावर लोणी टाकून मिनिटभर उलटे ठेवले तर वरूनही रंग आला.

वर्नाने ते टॉवेलात गुंडाळून खाली नेले. मी मागोमाग. तिने एक पाव मर्लच्या नाकासमोर मोडला. वाफ निघाली. मर्लने मान वळवली, तोंड उघडलं, आणि चावला. लोणी हनुवटीवरून ओघळलं. पंचवीस मिनिटं लागली त्या एका पावाला. मग तो स्पष्ट म्हणाला, "मीठ कमी आहे."

"बाराही महिने मीठच कमी असतं याला!" वर्ना म्हणाली आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली.

रोज दोन पाव. जानेवारीच्या अखेरीला काटा एकशे सोळावर गेला. तुमच्याच नर्सने वहीत लिहिलंय, बघा.

आणि मग तुमच्या ऑफिसातली केल्सी आली.

केल्सी तीसेक वर्षांची आहे, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात पाटीसारखा तो स्क्रीन. फेब्रुवारीतली खोल्यांची तपासणी होती. दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत. मी वर्नाच्या खोलीतच बसले होते. कुकर लावून चाळीस मिनिटं झाली होती.

"कसं आहे माझं सोनुलं?" हे वर्नाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला. मला तर तुमचा लगदा परत जिभेवर आल्यासारखं झालं. "आज काय खाऊ बनवतेय आमची वर्ना?"

"पाव. मर्लसाठी," वर्ना म्हणाली. "झाकण तेवढं उघडू नकोस, पोरी."

"आणि हे काय? गरम उपकरणावर कापड?"

"ते ओलं आहे," मी म्हटलं. "हात लावून बघ. ओल्याला आग लागत नाही, हे शाळेत शिकवतात. मी तिथेच होते."

"नॅडीन, राणी, मी नियम बनवत नाही ना. ज्वलनशील वस्तू आणि उष्णता एकत्र. नियम चौदा." आणि तिने गाठ सोडली, झाकण उचललं.

वर्नाच्या तोंडून आवाज निघाला, पाय चेंगरल्यासारखा. भांड्यातून वाफ गेली. बारा गोळे आमच्या डोळ्यांदेखत खाली बसले.

केल्सीने नाक मुरडलं. "ई! हे तर कच्चंच आहे! तुम्ही म्हाताऱ्या माणसाला हे घालता?" तिने फोटो काढला. मग वायर काढली, फडकं तसंच आत कोंबलं, झाकण दाबलं आणि कुकर काखेत मारला. "ऑफिसात जमा राहील. अपील करता येतं हं, अर्ज भरा."

"निदान पीठ काढून देते," वर्ना म्हणाली.

"जसं आहे तसंच जमा करावं लागतं. पुरावा असतो तो."

अर्ज त्याच दुपारी भरला, मी स्वतः, माझ्या अक्षरात. तेरा दिवस वर्ना रोज तुमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेराही दिवस तुम्ही बैठकीत होतात. मी दुसरा कुकर आणायला निघाले तर केल्सीने सांगितलं की निकाल लागेपर्यंत आमच्या मजल्यावर एकही चालणार नाही. बर्फ एवढा पडला होता की चर्चची व्हॅनसुद्धा फिरत नव्हती. खाली मर्लसमोर गाजराच्या आकाराचं गाजर आलं आणि त्याने दात आवळले. पहिल्या मंगळवारी एकशे तेरा. दुसऱ्या मंगळवारी एकशे अकरा.

त्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी वर्नाच्या दाराबाहेर कुकर ठेवलेला सापडला. वर चिठ्ठी: 'निकाली. कापडाशिवाय वापरण्यास हरकत नाही.'

कापडाशिवाय. म्हणजे बेडकाची पोटं.

आम्ही तो आत नेला, ओट्यावर ठेवला. तुमच्या ऑफिसातल्या हीटरशेजारच्या कपाटात तो तेरा दिवस होता, हे मला नंतर कळलं. झाकण निघेना, आतून धरलं होतं. मी सुरीने सोडवलं.

मी शाळेत तुंबलेले नळ हातांनी साफ केलेत, उन्हाळ्याच्या सुटीत बंद पडलेले फ्रीज उघडलेत. पण असलं काही बघितलं नव्हतं. पीठ फुगून फुटून फडक्यात शिरलं होतं. त्यावर हिरवी लव, मध्ये काळे डाग, कडेला गुलाबी चिकट थर, आणि तळाशी पिवळं पाणी, त्यात बुडबुडे. एक बुडबुडा आमच्यासमोर फुटला. दारुड्याच्या उलटीचा वास, त्याखाली कुजलेल्या लसणाचा. मी खिडकीकडे धावले, ओंजळभर बर्फ आत आला तरी उघडी ठेवली.

वर्ना हलली नाही. नाक न दाबता ती भांड्यावर वाकून बघत होती.

"शेपू अजून ओळखू येतोय गं," ती म्हणाली.

मग तिने कचऱ्याची पिशवी घेतली. मी तिचा हात धरला.

"टाकू नकोस."

"काय करतेस याचं? घाण आहे ही."

"घाण आहे. पण आपली नाही. ज्याची त्याला परत करायची."

"नॅडीन, मर्ल खाली आहे गं. त्यांच्या हातात आहे. भांडू नकोस."

"तू नको भांडूस. मी भांडते. माझं खाली कुणी नाही."

तर आता ऐका. तुम्ही बैठकीतून याल तेव्हा हा कागद तुमच्या टेबलावर असेल आणि त्याच्या शेजारी तो कुकर. झाकण मी काढून घेतलंय. केल्सीला विचारा, झाकण उघडायचा तिला चांगला सराव आहे. जसं जमा झालं होतं तसंच परत करतेय, पुरावा असतो तो. बसा त्याच्यासमोर. सात मिनिटं बसा, तुमच्या तक्त्याप्रमाणे.

मर्ल आज एकशे अकरावर आहे. येत्या मंगळवारी सकाळी आठ वाजता त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवतील. त्याच्या आत त्याला सहा दिवस रोज गरम पाव मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी वर्नाच्या ओव्हनच्या दारातले दोन स्क्रू निघाले पाहिजेत. पेचकस माझ्याकडे आहे. अर्ज, समिती, पुढली बैठक यातलं काही मला सांगू नका. एवढंच लिहून द्या, खाली सही करून, या वेळी स्वतःच्या नावाने: ते दोन स्क्रू तुम्ही काढताय, की मी काढू?