आयझमचा खांदा

कॅप्टन लेमुएल स्ट्रोदर गेले ते ऐन कापूस वेचणीत, सकाळच्या कॉफीच्या आधी. स्वयंपाकीण टेम्पीने नेऊन ठेवलेला कप उशाशी तसाच निवत राहिला.

"जन्मभर कॉफी गार झाली म्हणून माझ्यावर खेकसले," टेम्पी एप्रनला डोळे पुसत म्हणाली, "आणि आज बघा, अवाक्षर नाही."

ऑगस्टाला रडू आलं नाही. आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघत होती. त्या नादात लग्न राहून गेलं आणि पन्नाशी दाराशी आली. आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आदल्या आठवड्यात वडिलांनी तिचा हात घट्ट धरून म्हटलं होतं, "गसी, मला माती देताना आयझमला घरच्या कबरींच्या कुंपणाच्या आत घे. तुमच्याबरोबर उभा कर."

"हो बाबा," ती म्हणाली होती. का, ते तिने विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आयझम याच मळ्यावर गुलामीच्या काळात जन्मला. त्याची आई फीबी घरातले कपडे धुवायची. बाप कोण, हे तिने कधी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही पडली नाही. कॅप्टनची डावी करंगळी आत वळलेली होती, आयझमचीही तशीच. पाठीवर हात बांधून शेताच्या बांधावर चालायची ढबही तीच. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. समोर दिसतंय ते न बघण्यात आम्ही अलाबामाची माणसं पहिल्यापासून तरबेज आहोत.

उत्तरेशी झालेली लढाई आम्ही हरलो, गुलामी गेली, पण आयझम राहिला. ओढ्याकाठची जमीन तो वाट्याने कसत होता, दर शनिवारी कॅप्टनची दाढी करत होता आणि आसपास कुणी गेलं की कबर खणत होता. आमच्याकडे रक्ताच्या माणसाने आपल्या माणसाची कबर खणायची नसते. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. घरच्यांनी फक्त मूठभर माती टाकायची.

दुपारी मोंटगोमेरीहून रँडल आला. ऑगस्टाचा हा धाकटा भाऊ वकील होता. बग्गीतून उतरला तोच हुकूम सोडत. पाठोपाठ कॅप्टनच्या पलटणीतले उरलेसुरले म्हातारे आले आणि त्यांनी पेटीतून कॅप्टनचा करडा गणवेश काढला. कसरीने तो खाल्ला होता. छातीवर बटणं काही केल्या लागेनात, तेव्हा पाठीमागून कात्रीने उभा फाडून तो अंगावर चढवला.

"लेका लेमुएल, लढाईत पोट कुठे लपवलं होतंस रे?" जज्ज हॅडली म्हणाला. त्याला एकच हात होता आणि त्या हाताने त्याने मित्राची कॉलर हलकेच सारखी केली. मग कुणाला दिसू नये म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रँडलने आयझमला मागच्या ओसरीवर बोलावलं. म्हातारे तिथेच खुर्च्या टाकून बसले होते. ऑगस्टा दारात उभी होती.

"दुपारच्या आत कबर खणून झाली पाहिजे," रँडल म्हणाला. "आईच्या शेजारी. माणसं हवीत तर घे."

आयझमने टोपी काढून हातात धरली होती. "ही मी खणणार नाही, मिस्टर रँडल."

"काय म्हणालास?"

"दुसरी कुठलीही सांगा. ही नाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. जज्ज हॅडली आपल्या बुटांकडे बघू लागला. त्या एका वाक्याचा अर्थ ओसरीवरच्या प्रत्येकाला कळला होता आणि रँडलला सगळ्यांत आधी. त्याच्या मानेवर लाली चढत गेली.

ऑगस्टाला अचानक सगळ्यांत धाकटा भाऊ विली आठवला. तो तापाने गेला तेव्हा आयझम कापसाच्या गिरणीवर अडकला होता म्हणे, कबर दुसऱ्यांनीच खणली. आईची मात्र त्याने खणली होती. आई त्याची कुणी लागत नव्हती. म्हणजे हा माणूस कधीपासून हिशेब पाळत आला होता आणि आपल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही!

"तोंड सांभाळून बोल," रँडल पायरी उतरला. "कुणाच्या मळ्यावर उभा आहेस? का नाही खणणार? सांग ना, सगळ्यांसमोर सांग!"

आयझमने रँडलकडे पाहिलंच नाही. तो ऑगस्टाकडे बघत होता. एवढ्या वर्षांत त्याने तिच्याकडे सरळ नजरेने असं कधी पाहिलं नव्हतं. तो दम देत नव्हता की हात पसरत नव्हता. तिच्या तोंडून एक वाक्य यायचं होतं, ते येतंय का एवढंच तो बघत होता. वडिलांनी ते वाक्य तिच्या हातात आयतं दिलं होतं.

रँडलने पायरीला टेकवलेली काठी उचलली.

"त्याचा खांदा दुखतोय, रँडल," ऑगस्टा घाईने म्हणाली. "मला कालच सांगत होता. फावडं उचलत नाही त्याला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "खांद्याचं दुखणं वाईटच," जज्ज हॅडली म्हणाला. रँडलने काठी खाली ठेवली.

आयझम अजून तिच्याकडेच बघत होता. मग त्याने नजर काढून घेतली.

"होय," तो म्हणाला. "खांदा दुखतोय." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो ओढ्याच्या वाटेला लागला. आपण त्याला वाचवलं असं ऑगस्टाला घटकाभर वाटलं. मग वाटेनासं झालं.

कबर शेजारच्या मळ्यावरच्या पोरांनी खणली, कशीबशी, वाकडी. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, जज्ज हॅडलीने भाषण ठोकलं. लोखंडी कुंपणाबाहेर सीडरच्या झाडाखाली काळी माणसं उभी होती, त्यांत आयझम होता, रविवारचा कोट घालून. माती टाकायची वेळ आली. ऑगस्टाने मूठ भरली. फाटक चार पावलांवर होतं, नुसती कडी सरकवायची. तिने मान वर केली तेव्हा आयझमही बघत होता.

"गसी," रँडल कानाशी पुटपुटला, "लोक खोळंबलेत."

तिने माती टाकली. बिगूल वाजायच्या आत सीडरखालची ती जागा रिकामी झाली होती.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. रँडलने वरचा मळा विकला आणि तो येईनासा झाला. घरात ऑगस्टा आणि टेम्पी, दोघी म्हाताऱ्या, एकमेकींवर चिडत राहिल्या. आयझमने मिस ऑगस्टाला कधी उलट उत्तर दिलं नाही. छप्पर गळलं तर येऊन शाकारून द्यायचा, सरपण फोडून द्यायचा, आणि सारा वेळ तेच फावडं, तीच कुऱ्हाड न कुंथता चालवायचा. खांद्याचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही. ऑगस्टाला मात्र ते रोज आठवायचं.

एका हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला तो हटेना. तिने टेम्पीकडून आयझमला बोलावणं धाडलं. तो येऊन खोलीच्या दारात उभा राहिला. केस कापसासारखे पांढरे, हात पाठीवर बांधलेले. क्षणभर तिला वाटलं, बाबाच आले.

"बस ना, आयझम."

"उभाच बरा आहे मी."

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. धाप लागली म्हणून थांबली. "बाबांनी मला सांगितलं होतं, तुला आत घे म्हणून. मी हो म्हणाले होते."

ही गोष्ट त्याला नवी होती. त्याचे ओठ जरा हलले.

"असं होय," एवढंच म्हणाला.

"माझं आता फार नाही. रँडल काही यायचा नाही." तिने पांघरुणाची कड मुठीत धरली. जे विचारायचं होतं ते तिने कैक रात्री घोळवलं होतं, आणि त्याने 'ही मी खणणार नाही' असंच म्हणावं म्हणून देवाची करुणा भाकली होती. "माझी कबर कोण खणेल, आयझम?"

"मी खणेन की, मिस ऑगस्टा."

"तू?"

"मग दुसरं कोण आहे इथे?" तो मऊ आवाजात म्हणाला. "खांदा आता बरा आहे माझा. आईसाहेबांच्या शेजारीच हवी ना?"

ऑगस्टाने होकारार्थी मान हलवली.