कुसुंब तोडल्यावर

ओर्पा काकीची दुसरी गाय आज कुपांग बंदराकडं जाणाऱ्या ट्रकवर चढणार होती, कत्तलीला. ती वांझ नाही, हे अख्ख्या गावात मला एकट्याला ठाऊक होतं.

गावाचा वळू माझ्या अंगणात असतो. काळाभोर, चारी पाय मोजे घातल्यासारखे पांढरे. बाकीच्यांच्या गाई डोंगरात मोकळ्या, तिकडच्या मोकाट वळूंकडून फळतात. काकीचा गुडघा अधू. तिच्या गाई दावणीला, आणि माजावर आल्या की माझ्याच दारात.

वळूच्या डोक्यावर पूर्वी सावलीला कुसुंबाचा वृक्ष होता. माझ्या पोरीच्या लग्नात मांस धुरावर शिजवायचं, तर धूर कुसुंबाच्या लाकडाचाच हवा. मी तो तोडला. पाहुण्यांनी बोटं चाटली, काकीनंही. मग दोन उन्हाळे वळू उघड्यावर धापा टाकत उभा राहिला. काकीच्या गाई त्याच्याकडे यायच्या आणि तीन आठवड्यांत उलटायच्या, पुन्हा माजावर यायच्या. पहिली गेल्या वर्षीच वांझ म्हणून गेली.

दहा दिवसांपूर्वी गुरांचे डॉक्टर आले. वळूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाहोर, असा तापला की बी मरतं. पुढं दोन महिने नुसता चढतो, तेवढंच. आधी सावली कर."

त्याच दुपारी मी झावळ्यांचं छप्पर घातलं. तोंड मात्र उघडलं नाही.

आज ट्रकपाशी व्यापारी मेल्की हसत होता. "काकी, दोष दावणीचाच गं. तू तशी, तुझ्या गाई तशा!"

लोक खिदळले. काकीला मूलबाळ नाही. ती गाईच्या गळ्याची पोळी कुरवाळत पुटपुटत राहिली,

"जा गं माझ्या तांबड्ये, दावं सोडते हातानं,
कूस नाही उजवली, तुझ्या-माझ्या दैवानं."

फळीवर खूर वाजले. गाय वर चढली, तेव्हा कुठं मी तोंड उघडलं.

"मेल्की, उतरव तिला."

"का रे, तू पोसतोस?"

"गाय चांगली आहे. वळूच उन्हानं निकामी झाला. त्याची सावली मी तोडली. डॉक्टर सांगून गेलेत मला, दहा दिवस झाले."

"दहा दिवस! आणि बोलतोस कधी, तर गाय ट्रकात गेल्यावर?"

कुणी हसलं नाही. मेल्कीनं गाय खाली आणली. काकीनं दावं हातात घेतलं. मी पान-सुपारीची पिशवी तिच्यापुढं धरली. आमच्यात माफी अशीच मागतात.

तिनं पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पहिली चढत नव्हती रे. आठवतं? पाय रोवून उभी होती. मागून तिला कुणी ढकललं?"

"मीच, काकी."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं ओठावर आलं होतं. पण ते दहा दिवस आडवे आले.

"लेकुरवाळी झाली असती ती," काकी म्हणाली, आणि गाईला घेऊन लंगडत घराकडं वळली. पिशवी माझ्याच हातात राहिली.