बुलावायोहून आलेली एक लाखाची नोट

मी झिंबाब्वेची एक लाखाची नोट बोलतेय. लाख ऐकून हरखू नका. २००६ साली मी छापली गेले तेव्हा माझ्यात एक पावसुद्धा मुश्किलीनं यायचा. माझ्यावर एकावर एक तोललेल्या दगडांचं चित्र आहे. शिवाय छापतानाच माझी शेवटची तारीख घातलेली: ३१ डिसेंबर. तोवर तरी जगेन, असं वाटलं होतं.

बुलावायोच्या एका आईनं मला पाकिटात घालून न्यूझीलंडला, ऑकलंडच्या अवोन्डेल भागात राहणाऱ्या आपल्या मुलीला, थांडेकाला पाठवलं. ‘बघ, आता अशा नोटा आल्यात.’ थांडेकानं मला फ्रिजवर लावलं. तिला सातवा महिना होता. नवरा लांब डेअरी फार्मवर. बाळंतपणाला आई येणार होती. पासपोर्टसाठी माझ्यासारख्याच नोटा पिठाच्या डब्यात साठवत होती.

ऑगस्टमध्ये बातमी आली. नोटांवरची तीन शून्यं उडणार, जुन्या नोटा एकवीस तारखेनंतर रद्द. थांडेका आईला फोन लावत राहिली. लागेना. शेजारची पुण्याची निशिगंधा रोज जेवण घेऊन यायची आणि तीही नंबर फिरवायची. फ्रिजवर माझा जीव टांगणीला.

शेवटी एका रविवारी लागला. थांडेकानं स्पीकर लावला.

“नाही बदलता आल्या गं,” आई म्हणाली. “बँकेसमोर उभी राहून पाय सुजले. मग त्या नोटांत मिळालं ते घेतलं. पीठ, तेल, साबण. पासपोर्ट राहिला.”

“जेवतेस ना?”

“जेवते. तू एकटी कशी बाळंत होणार?”

निशिगंधा फोनजवळ वाकली. “आई, मी शेजारीण. मी असेन तिच्याजवळ.”

“तुला मुलं आहेत?”

“नाहीत.”

“मग मी सांगते ते लिहून घे.”

कागद सापडेना. निशिगंधाचा हात माझ्यापाशी येऊन थांबला.

“लिही,” थांडेका म्हणाली. “आता हिचं काहीच येणार नाही.”

कंबर कशी चोळायची, पाणी केव्हा द्यायचं, ओरडली तर ओरडू द्यायचं. आईनं इंग्रजीत सांगितलेलं सगळं माझ्या कोऱ्या जागांत मराठीत उतरलं. फोन मध्येच तुटला. शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं.

आता मी हॉस्पिटलच्या बॅगेत आहे. थांडेका सकाळपासून भिंत धरून उभी राहतेय, आणि निशिगंधा गाडीची किल्ली शोधतेय.

निशिगंधा, चष्मा घे गं बरोबर. अक्षर फार बारीक काढलंयस.