वजनाला हलकी

"हलक्याला हात लावायचा नाही, रघ्या." दरबारच्या चार घोड्यांच्या बग्गीचे लगाम धरलेल्या बापाचा हा आवाज तीस वर्षं रघुजीच्या कानात होता. आणि आज धारच्या मोटार अड्ड्यावर मोरोपंत कारकुनांनी फळ्यावर मनावर गावच्या फेरीपुढे लिहिलं होतं : हलकी गाडी, रघुजी.

गाडी नवी, बुटकी, वीस माणसांची. वाटेवरची कच्ची मोरी जुन्या गाड्यांचं ओझं पेलेना, म्हणून कंपनीने आणलेली.

"ही गाडी? हे सूप आहे, पंत," रघुजी म्हणाला. "आत कुणी शिंकलं तर पत्रा उडून नर्मदेत पडेल. बायकांना द्या, गहू पाखडायला."

"अहो, वजनाला हलकी. कुळाला नाही."

"डब्याला कसलं कुळ? मी इंदूरच्या फेरीची मोठीच नेणार."

दिवाळीपासून त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता. मोठ्या गाडीचं चाक वळणावर तो छातीने रेटायचा. कळलं तर ड्रायव्हरकी जाणार, म्हणून घरीही बोलला नव्हता. सदऱ्याची बटणं बायको, मालन, लावायची. "उशीर होतोय, लाव तू," एवढंच तो म्हणे. आज ती म्हणाली होती, "बटण हलकं असतं, म्हणून हात लावत नाही वाटतं?"

"घ्या मोठी," पंत म्हणाले. "निंबाला वळसा घालून फाटकाशी आणा."

रघुजी हलक्या गाडीच्या चाकाशी थुंकला आणि मोठीवर चढला. निंबापाशी चाक अर्धं फिरलं, अडलं. त्याने छाती लावली. म्हातारी म्हैस गव्हाणीला टेकावी तशी गाडी पाराला जाऊन टेकली. पाखरं उडाली, पिवळी पानं टपावर झरझर उतरली.

"क्यों भिया, गाडी रूठ गई?" पानवाला हसला.

"चाक आखडलंय या खटाऱ्याचं."

पंतांनी चष्मा काढला. "कालच उदाजीरावाने तपासून सही केलीय. खोटी सही असेल तर आज त्याला काढावं लागेल."

उदाजीराव मेकॅनिक चिंध्यांनी हात पुसत उभा होता. रघुजी खाली उतरला, डाव्या हाताने दार लोटलं.

"चाक बरं आहे, पंत. माझा खांदा वर जात नाही. दिवाळीपासून." मग त्या बुटक्या गाडीकडे न बघता म्हणाला, "ती हलकीच द्या मला."