आतल्या रांगा

गोदामातली क्रेन मास्तरीणबाईंच्या प्रोग्रामवर चालायची. बाईंनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण येता-जाता चुका काढायची खोड, म्हणून कामगारांनी ठेवलेलं नाव. कुठली पेटी कुठल्या रांगेत, कुठल्या खणात, कितव्या मजल्यावर, हे सगळं त्यांनी एका ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, बसवलं होतं. ॲरेच्या पोटात ॲरे, त्याच्याही पोटात आणखी एक.

त्या दुपारी नवी मांडणी तपासायला बाईंनी ॲरेची प्रत काढली आणि प्रतीतले आकडे बिनधास्त बदलले. खाली दोघा फिटर भावांतला धाकटा एका खणाचे बोल्ट आवळत होता. तो खण प्रोग्राममध्ये बंद ठेवलेला. तरी क्रेन वळली आणि लोखंडाची पेटी तिनं त्याच्या मांडीवर टेकवली. हाड मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी.

कुणीतरी लाल बटण दाबलं. क्रेन थांबली, पेटी मात्र रुतलेलीच.

धाकट्याचा थोरला भाऊ पाना घेऊनच बाईंच्या केबिनचा जिना चढला. बाईंचे केस धरून त्यानं त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं.

"उचल ती! माझा भाऊ मरतोय खाली!"

रक्त डोळ्यांत उतरत असताना बाईंना पडद्यावर चूक दिसली. प्रत फक्त वरच्या कवचाची झाली होती. आतल्या रांगा दोन्हीकडे त्याच. प्रतीत केलेले बदल खऱ्यातही उतरले होते. मजलेही उलटे झालेले. 'वर' म्हटलं तर क्रेन खाली दाबेल.

त्या थबकल्या. थोरल्याला वाटलं, टाळाटाळ करतेय. पाना त्यांच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं काडीसारखी मोडली.

"मारायचं तर नंतर मार!" त्या ओरडल्या. "आत्ता केस सोड माझे!"

डाव्या हातानं त्यांनी सकाळची फाइल परत चढवली, एकेक मजला डोळ्यांनी ताडून पाहिला, लाल बटण सोडायला लावलं आणि मग हुकूम दिला. पेटी उचलली गेली. खालून रडणं ऐकू आलं, तसा थोरला पाना टाकून पळाला.

धाकट्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. थोरल्याला पोलिसांनी नेलं.

हात प्लास्टरमध्ये घेऊन बाई धाकट्याला भेटायला इस्पितळात गेल्या.

"माझा खण बंद होता ना?"

"होता. मीच उघडला. नकळत, पण मीच."

त्यानं उशाजवळची पाण्याची बाटली सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या तोंडावर भिरकावली. ओठ फुटला. नर्स धावत आली.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि तिथंच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं तो "जा" म्हणाला, तेव्हा उठल्या.