चिमणीचे तांबडे केस

मी एक जुना खरारा आहे. लोखंडाचा, झिजलेल्या दात्यांचा, मुठीला कातडी पट्टा असलेला. मित्रांनो, घोड्याच्या अंगावरची धूळ आणि गळके केस काढणे हे माझे काम. मी दिसायला खरखरीत, पण चिमणीला फार आवडायचो.

चिमणी म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारणारी तांबडी घोडी. अंगाने चांगली धिप्पाड. नाव ठेवणाऱ्याने थट्टाच केली होती! तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणत. स्पर्धांचा हंगाम सहा महिने चाले आणि मामाचे दोन नियम असत. स्पर्धा झाली की आठवडाभर उडी नाही, नुसते चरायचे. आणि मैदानात जाण्याआधीची शेवटची उडी सगळ्यांत बुटक्या दांडीवरून.

"ही उडी तर शेळीसुद्धा मारेल," प्रशिक्षक हसायचे.

"हसा साहेब. पण आत जाताना तिला वाटलं पाहिजे, आपल्याला जमतं म्हणून."

मग मामा मला घेऊन तिचा खांदा खाजवायचा आणि ती ओठ लांबवून डोळे मिटायची. असे चार हंगाम तिने गाजवले. बक्षिसांच्या फिती भिंतीवर मावेनात.

पाचव्या हंगामात सगळ्यांना जिंकण्याची चटक लागली. विश्रांतीचे आठवडे एकेक करून रद्द झाले. मामा आधी कुरकुरला, मग गप्प बसला. शेवटच्या स्पर्धेच्या सकाळी तो खरारा करत होता. पाठीवर खोगिराच्या जागी मी पोचलो आणि चिमणीचे कातडे थरथरले. मामाचा हात थांबला. तिच्यावर बसणारी ताई, मालकांची मुलगी, दारात तयार उभी होती.

"मामा, बरी आहे ना ती?"

मामाने ताईचा फुललेला चेहरा पाहिला. तिला पहिल्यांदा घोड्यावर त्यानेच बसवले होते.

"काही नाही गं ताई. माशी बसली असेल."

मित्रांनो, तिथे माशी नव्हती. तिथे मी होतो. आणि तिची पाठ दुखतेय, हे मामाला ठाऊक होते.

चौथ्या अडथळ्यावर चिमणीचे पाय दांडीत अडकले आणि दोघी पडल्या. ताईचा हात मोडला, तो पुढे जुळला. चिमणीची पाठही बरी झाली. पण जमिनीवर ठेवलेली दांडी दिसली तरी तिला घाम फुटायचा. मामाने महिनाभर चुचकारले. शेळीची उडीसुद्धा तिला जमेना. शेवटी तिला विकले.

गाडी येण्याआधी मामाने तिला खरारा केला. मी पाठीपाशी पोचलो तेव्हा तिने अंग चोरले. माझ्यापासून! मला फार वाईट वाटले.

"चुकलो गं बाई," मामा एवढेच म्हणाला.

तेव्हापासून मी खिळ्याला गंजत लटकलो आहे. मित्रांनो, हाताखालचा मुका जीव थरथरला, तर थांबा. माशीवर ढकलू नका.

पूर्वी काम झाले की मामा मला उंबऱ्यावर आपटून साफ करायचा. आताही तो कधीकधी मला हातात घेतो, दात्यांत अडकलेले तांबडे केस बघतो आणि साफ न करताच परत अडकवून ठेवतो.